ड्रिल फिरतंय, पण भोक पुढे सरकत नाही: बिट आणि मशीनची जोडी कुठे चुकते

तक्रार ठरलेली असते. पहिले 15-20 मिलिमीटर बिट सरळ आत जातं, मग एकाच जागी फिरत राहतं. जोर लावला की मशीन गुरगुरतं, जळका वास येतो, बाहेर काढलेल्या बिटाचं टोक निळसर-काळं पडलेलं असतं. नवं बिट आणलं तरी पुढच्या भोकाला तेच.

पहिले 15-20 मिलिमीटर जातात, कारण तो बहुतेक वेळा गिलावा असतो. गिलाव्यात जवळपास कोणतंही बिट कोणत्याही मशीनने जातं. खरी भिंत त्यामागे सुरू होते आणि जोडी चुकीची असेल तर तिथेच उघडी पडते. म्हणून नवं बिट आणण्याआधी भिंत कशाची आहे, मशीन कोणत्या प्रकारे ठोके देतं आणि बिट कशासाठी बनलंय, या तीन गोष्टी एकमेकांशी जुळतात का ते पाहा. अंगचा जोर वाढवून हा प्रश्न सुटत नाही, उलट बिट लवकर मरतं.

आधी दोन मिनिटांची तपासणी

मशीन उलट्या दिशेला तर नाही ना? हे अगदी नेहमी होतं. स्क्रू काढायला दिशेचा खटका फिरवलेला असतो आणि तो तसाच राहतो. उलटं फिरणारं बिट गिलाव्यात थोडं जातं, त्यामुळे शंका येत नाही, विटेवर मात्र थांबतं. बिटाच्या टोकाकडे मशीनच्या मागून पाहिलं तर ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायला हवं.

हॅमरची खूण असलेला खटका हॅमरवर आहे का? बऱ्याच मशीनांत तो वरच्या बाजूला असतो आणि हात लागून अर्धवट सरकतो. खटका फिरणं आणि हॅमर या दोन खुणांच्या मधे अडकला असेल तर मशीन फिरतं, ठोका देत नाही.

चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यांत, बिट घसरतंय का? बिटाच्या दांड्यावर गोल चकचकीत ओरखडे दिसले तर चक फिरतंय आणि बिट थांबलेलं आहे. चावीच्या चकला तीन भोकं असतात. चावी एकाच भोकात घालून पिळली तर जबडे एका बाजूने जास्त आवळले जातात. तिन्ही भोकांत आळीपाळीने आवळा. दांडा चकच्या तळाशी टेकवून मग 2-3 मिलिमीटर मागे घ्या.

हे तिन्ही ठीक असेल तर पुढे चला.

भिंत कशाची आहे ते भुकटी सांगते

बिट बाहेर काढा आणि खाली पडलेली भुकटी बोटांत चोळून पाहा. पांढरी किंवा फिकट, मऊ भुकटी म्हणजे अजून गिलावाच. लाल किंवा केशरी म्हणजे भाजलेली वीट. करडी, बारीक, बोटाला खरखरीत लागणारी भुकटी हळूहळू येत असेल तर काँक्रीट. करडी-पांढरी पण भराभर आणि कणीदार येत असेल, बिट लोण्यासारखं जात असेल तर हलका सच्छिद्र ब्लॉक, म्हणजे एएसी. भुकटी येणं अचानक थांबलं आणि बिट एकदम पुढे गेलं तर पोकळ ब्लॉक किंवा पोकळ वीट. भुकटीत चमकणारे धातूचे कण दिसले आणि आवाज टणटणीत झाला, तर सळई लागली आहे. तिथे लगेच थांबा.

एकाच भिंतीतही जागेनुसार फरक पडतो. खिडकी-दाराच्या वरची पट्टी, कोपऱ्यातला कॉलम आणि छताजवळचा बीम काँक्रीटचे असतात, मधली भिंत विटेची. पडद्याची दांडी लावताना अडचण येते ती यामुळेच. त्याच खोलीत फ्रेम टांगताना सहज पडलेलं भोक खिडकीच्या वर पडत नाही.

ठोका कसा तयार होतो, हे समजलं की बाकीचं उलगडतं

साध्या रोटरी ड्रिलमध्ये ठोकाच नसतो. ते लाकूड, धातू, प्लास्टिक, टाइल आणि एएसी ब्लॉकसाठी आहे. काँक्रीटमध्ये ते फक्त घासतं.

इम्पॅक्ट ड्रिल, ज्याला बहुतेक जण हॅमर ड्रिल म्हणतात, त्यात दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात. एक फिरते, दुसरी स्थिर. दात एकमेकांवरून घसरले की चक मिलिमीटरभर पुढे-मागे होतं. मशीन मिनिटाला 3000 फेरे फिरत असेल आणि चकतीला 15-16 दात असतील तर मिनिटाला 45,000 च्या आसपास ठोके होतात. आकडा मोठा दिसतो, पण प्रत्येक ठोका फार हलका असतो, आणि तुम्ही मागून दाबल्याशिवाय दात एकमेकांना भिडतच नाहीत. म्हणजे या मशीनला दाब लागतो. भाजलेल्या विटेला हे हलके ठोके पुरतात, कारण वीट सहज चुरडते. काँक्रीटमधल्या खडीचा एखादा कठीण दगड समोर आला की तेच ठोके त्याला फोडू शकत नाहीत आणि बिट त्या दगडावर घासत बसतं.

रोटरी हॅमरची रचना पूर्ण वेगळी आहे. आतल्या सिलिंडरमध्ये पिस्टन पुढे-मागे होतो, त्याच्यासमोरची हवा दबते, ती एक लोखंडी ठोकळा वेगाने पुढे फेकते आणि तो ठोकळा बिटाच्या मागच्या टोकावर आदळतो. ठोके मिनिटाला साधारण 4000 ते 5000, म्हणजे इम्पॅक्ट ड्रिलच्या दहाव्या हिश्श्याइतके. पण एकेका ठोक्याची ताकद दोन-अडीच किलोच्या मशीनमध्येही साधारण दीड ते तीन जूल असते. खडी फुटते ती यामुळे. इथे जास्त दाबलं तर फायदा होत नाही. ठोका हवेच्या गादीतून येतो, तुमच्या खांद्यातून नाही. बिट जागेवर राहील इतपत दाब पुरे. त्याहून जास्त दाबलं तर बिट आत मोकळं सरकत नाही आणि भोक पडायला उलट वेळ लागतो.

इम्पॅक्ट ड्रायव्हर हे तिसरंच यंत्र आहे आणि नावामुळे गोंधळ होतो. त्याचे ठोके फिरण्याच्या दिशेत बसतात, स्क्रू आवळण्यासाठी. पुढे-मागे ठोका त्यात अजिबात नाही. षटकोनी दांड्याचं काँक्रीट बिट त्यात बसतं म्हणून ते काँक्रीट फोडेल असं नाही. विटेत 5-6 मिलिमीटरचं एखादं भोक निघेल, त्यापुढे अपेक्षा ठेवू नका.

बिटाचा दांडा मशीन ठरवतो

गुळगुळीत गोल दांडा तीन जबड्यांच्या चकसाठी असतो, म्हणजे रोटरी किंवा इम्पॅक्ट ड्रिलसाठी. 10 मिलिमीटर जाडीचा, लांब खाचा असलेला दांडा एसडीएस प्लस. दोन-चार किलोच्या रोटरी हॅमरला हाच लागतो. 18 मिलिमीटर जाड दांडा एसडीएस मॅक्सचा, मोठ्या तोडकामाच्या मशीनसाठी. प्लस आणि मॅक्स एकमेकांत बसत नाहीत.

एसडीएसच्या पकडीत बिट घट्ट नसतं, सुमारे एक सेंटिमीटर पुढे-मागे सरकतं. नवीन माणसाला ते सैल वाटतं आणि तो बिट बदलून आणतो. ती सैलपणाची जागा हवीच, कारण ठोकळा मागून आदळल्यावर फक्त बिट पुढे जायचं असतं, आख्खं चक नाही. कमी ताकदीत जास्त काम होतं ते याच कारणाने.

इथून दोन चुका निघतात आणि दोन्ही सतत होतात.

पहिली, एसडीएस प्लस बिट साध्या 13 मिलिमीटरच्या चकमध्ये आवळणं. जबडे खाचांच्या कडांवर बसतात, बिट मध्यावर राहत नाही, डुलतं आणि भोक लंबगोल होतं. जबड्यांच्या धाराही जातात.

दुसरी, रोटरी हॅमरला अडॅप्टर लावून त्यावर चावीचं चक बसवणं आणि गोल दांड्याचं बिट घालून हॅमर चालू करणं. ठोका चकच्या वजनातच जिरतो, बिटाच्या टोकापर्यंत फार थोडा पोचतो, आणि काही भोकांतच जबडे सैल होतात. ते अडॅप्टर लाकूड-धातूसाठी आहे. ते लावलं असेल तेव्हा खटका फक्त फिरण्यावर ठेवा, ठोका बंद.

टोक: कुठे काय चालतं

भिंतीच्या बिटाचं टोक टंगस्टन कार्बाइडचं असतं आणि ते पोलादी अंगावर झाळलेलं असतं. ही कार्बाइडची पट्टी अंगापेक्षा दोन्ही बाजूंनी किंचित रुंद असते. धातूच्या बिटाशी ताडून पाहा: धातूच्या बिटाच्या धारा हाताला लागतात, भिंतीच्या बिटाच्या बोथट वाटतात. तो दोष नाही. हे टोक कापत नाही, ठोक्याने चुरडतं आणि फिरून चुरा बाजूला करतं. म्हणूनच ठोक्याशिवाय ते काँक्रीटमध्ये चालत नाही. धातूसाठीचं हाय-स्पीड स्टीलचं बिट विटेत घातलं तर एका भोकात त्याचे कोपरे गोल होतात, आणि मग ते धातूलाही निरुपयोगी.

मल्टी-मटेरियल नावाने मिळणाऱ्या बिटांच्या कार्बाइडला घासून धार काढलेली असते. एएसी, वीट, साधी सिरॅमिक टाइल, लाकूड यात ती ठोक्याशिवाय छान जातात. रोज काँक्रीट फोडायला ती वापरू नका, धारेचे कोपरे तुटतात.

एसडीएस बिटांत दोन धारांचं टोक आणि चार धारांचं, फुलीसारखं टोक, असे दोन प्रकार येतात. दोन धारांचं बिट सळईच्या कडेला अडकलं की झटका देऊन थांबतं. चार धारांचं बिट तितकं अडकत नाही आणि भोकही जास्त गोल पडतं. कॉलम-बीममध्ये नेहमी काम असेल तर जास्तीचे पैसे इथे घालावेत. विटेच्या भिंतीला दोन धारा पुरतात.

टाइलचं गणित वेगळं आहे. साध्या सिरॅमिक टाइलला भाल्याच्या टोकाचं काचेचं बिट, हळू वेग, ठोका बंद. व्हिट्रिफाइड किंवा पोर्सेलीन टाइलवर ते बिट चमकदार ठिपका पाडून थांबतं. तिथे हिऱ्याच्या कणांचं पोकळ बिट लागतं, पाणी शिंपडत, ठोका पूर्ण बंद. पाणी स्प्रेच्या बाटलीने थोडं थोडं द्या आणि मशीनमध्ये जाऊ देऊ नका. टाइल आरपार झाली की बिट बदला आणि मागच्या भिंतीला लागणारा ठोका मगच सुरू करा. प्लगही, म्हणजे स्क्रू धरण्यासाठी भोकात घालायची नळीही, टाइलच्या मागे, भिंतीत पूर्ण गेला पाहिजे. तो टाइलच्या जाडीत फुगला तर टाइल तडकते, कधी कधी दुसऱ्या दिवशी.

कोणत्या भिंतीला कोणती जोडी

भाजलेली वीट, 5 ते 10 मिलिमीटर: इम्पॅक्ट ड्रिल, गोल दांड्याचं कार्बाइड बिट, ठोका चालू. जुनी ठिसूळ वीट असेल तर ठोका बंद करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने जातं आणि भोक फुटत नाही.

पोकळ वीट किंवा पोकळ ब्लॉक: ठोका बंद. ठोक्याने आतली पातळ भिंत मागच्या बाजूने फुटते आणि प्लगला धरायला काही उरत नाही.

एएसी ब्लॉक: ठोका बंद. प्लगच्या पाकिटावर वेगळं लिहिलं नसेल तर एक मिलिमीटर लहान बिटाने सुरुवात करा, कारण या ब्लॉकमधलं भोक बिटाच्या हलक्या डुलण्यानेही मोठं होतं.

काँक्रीट: 6 मिलिमीटरची दोन-चार भोकं इम्पॅक्ट ड्रिलने, वेळ लागेल हे धरून, निघतात. 8 ला मशीन आणि माणूस दोघंही दमतात. 10 किंवा जास्त, किंवा 6 चीच दहा-पंधरा भोकं असतील तर रोटरी हॅमर आणा. इम्पॅक्ट ड्रिलच्या पट्टीवर काँक्रीटसाठी 13 मिलिमीटर असा आकडा छापलेला असतो. तो कमाल आहे, रोजच्या कामाचा नाही. रोटरी हॅमरचंही तसंच: 24 किंवा 26 मिलिमीटर लिहिलेल्या लहान मशीनचं खरं आरामाचं काम साधारण 6 ते 16 मध्ये असतं.

योग्य जोडी असूनही अडतंय

मग सर्वांत आधी भुकटीकडे पाहा. बिटावरचे पिळदार चर भुकटीने भरले की बिट स्वतःच्या चुऱ्यात दाबलं जातं, ठोका त्या चुऱ्यात जिरतो आणि टोक तापतं. दर 10-15 मिलिमीटरला फिरत्या बिटासकट मशीन मागे घ्या, चुरा पडू द्या, पुन्हा आत जा. खोल भोकात हे आणखी वारंवार करा. ओली भिंत असेल तर चुऱ्याचा चिखल होऊन चरांत चिकटतो. तेव्हा बिट काढून तारेच्या ब्रशने साफ करावंच लागतं.

तापलेलं बिट पाण्यात बुडवू नका. कार्बाइड अचानक थंड झालं की त्याला बारीक तडे जातात आणि पुढच्या भोकात तुकडा उडतो. हवेत निवू द्या. टोक निळं पडलं असेल तर कार्बाइडचं झाळकाम आणि त्याखालचं पोलाद कमकुवत झालेलं असू शकतं. ते बिट काँक्रीटसाठी बाद धरा.

आता टोक नीट निरखा. कार्बाइडच्या बाहेरच्या दोन कोपऱ्यांना गोलाई आली असेल, किंवा ती पट्टी अंगाइतकीच रुंद उरली असेल, तर बिट संपलंय. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) असेल तर मोजा: नव्या 8 मिलिमीटर बिटाची कार्बाइड 8 पेक्षा थोडी जास्त, कमाल 8.45 पर्यंत भरते. 8 च्या खाली आली की अंग भोकात घासायला लागतं आणि प्लगही जात नाही. मग लोक प्लगवर हातोडी मारतात आणि तो वाकडा होतो. साध्या करड्या ग्राइंडिंग चाकावर कार्बाइडला धार लागत नाही, हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं चाक लागतं. लहान बिटासाठी तो खटाटोप करण्यात अर्थ नाही.

आधी लहान, मग मोठं भोक पाडावं का? इम्पॅक्ट ड्रिलला याचा उपयोग होतो: 10 च्या भोकासाठी आधी 5 किंवा 6 पाडा, मधलं काम हलकं होतं. पण 8 चं भोक 10 ने मोठं करायला जाऊ नका. एवढा जवळचा आकार असला की सगळा भार कार्बाइडच्या कोपऱ्यांवर येतो आणि ते तुटतात. रोटरी हॅमरने सरळ शेवटच्याच मापाचं बिट घाला.

सळई लागली तर

ठोका चालू ठेवून रेटू नका. सळई फुटत नाही, कार्बाइड फुटतं. शिवाय बिट एकदम अडकलं तर मशीन मनगट पिरगाळतं, म्हणून बाजूची मूठ नेहमी लावलेली असावी. भोक 30-40 मिलिमीटर बाजूला घ्या आणि सोडलेलं भोक सिमेंट मसाल्याने भरा. सळई कापून आरपार जाण्याचा विचार कॉलम, बीम, स्लॅबमध्ये इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. थांबल्यावर सळईच आहे की खडीचा मोठा दगड, हे ओळखायला ठोका बंद करून एक-दोन सेकंद हळू फिरवा. दगड असेल तर करडी भुकटी येते, सळई असेल तर चमकदार कण.

बिट आत अडकून बसलं तर मशीनने हिसके देऊ नका. मशीन बंद करून त्याची पिन सॉकेटमधून काढा, बिट चकमधून मोकळं करा, मशीन बाजूला ठेवा आणि बिटाचा दांडा पान्याने धरून उलट फिरवत ओढा.

रोटरी हॅमर फिरतो, ठोकत नाही

हवेत धरून ठोका तपासत असाल तर थांबा. बहुतेक रोटरी हॅमर बिट भिंतीला टेकवल्याशिवाय ठोकत नाहीत, तशी रचनाच आहे. टेकवूनही ठोका नसेल तर बिट पकडीत पूर्ण बसून खट्ट झालं का आणि खटका छिन्नी-ड्रिलच्या मधल्या जागी तर नाही ना, ते पाहा. बिटाचं मागचं टोक ठोक्यांनी पसरून छत्रीसारखं झालं असेल तर ते पकडीत मोकळं सरकत नाही. दांडा पुसून त्यावर दरवेळी थोडं ग्रीस लावा. कोरडा दांडा पकड झिजवतो. थंडीत पडून राहिलेल्या मशीनचं आतलं ग्रीस घट्ट होतं. मिनिटभर रिकामं फिरवलं की ठोका परत येतो. तरीही आला नाही, किंवा गरम झाल्यावर हळूहळू कमी होत गेला, तर पिस्टन-ठोकळ्यावरचे रबरी ओ-रिंग झिजलेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त. ते काम दुरुस्तीवाल्याचं.

इम्पॅक्ट ड्रिलची तपासणी घरीच होते. मशीनची पिन सॉकेटमधून काढा, खटका हॅमरवर ठेवा, चक टेबलावर दाबून हाताने फिरवा. कट-कट-कट असे स्पष्ट दात लागले पाहिजेत. गुळगुळीत फिरलं तर चकत्या झिजल्या आहेत. खटका फिरण्यावर असताना हेच करा, तेव्हा दात लागता कामा नयेत.

ताकदच कमी वाटत असेल तर बारीक तारेची लांबलचक एक्स्टेन्शन बोर्डाची दोरी काढून मशीन थेट सॉकेटला लावून बघा. गुंडाळलेली बारीक दोरी भार पडल्यावर व्होल्टेज खाते आणि स्वतःही तापते. मोटरच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसल्या तर कार्बन ब्रश बदलायची वेळ झाली. दोन्ही एकदम बदला.

भोक पडलं, पण प्लग फिरतोय

हीही जोडीचीच चूक. वाकडं बिट, सैल चक किंवा एएसीत ठोका, यापैकी एकामुळे भोक मोठं झालेलं असतं. बिट वाकडं आहे का हे सपाट काचेवर लोळवून कळतं. त्या भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबून प्लग बसवू नका, वजन पडल्यावर ते निघतं. त्याच भोकात पुढच्या मापाचा, लांब प्लग घाला. भोकाची खोली प्लगच्या लांबीपेक्षा 10 मिलिमीटर जास्त ठेवा: 50 चा प्लग असेल तर 60. बिटावर रंगीत टेपचा वेढा घालून खूण करा आणि प्लग घालण्यापूर्वी भुकटी फुंकणीने काढून टाका. भुकटीवर बसलेला प्लग काँक्रीटमध्येही घसरतो.

काँक्रीट आणि विटेच्या भुकटीत सिलिकाचे बारीक कण असतात. ते फुप्फुसात साठतात, म्हणून कपडा न बांधता एन 95 किंवा एफएफपी 2 मास्क घाला, आणि डोक्याच्या वरच्या उंचीवर भोक पाडताना चष्मा. स्विच-सॉकेटच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत वायर असण्याची शक्यता मोठी असते. तिथे भोक घ्यायचंच असेल तर वायर शोधणारं डिटेक्टर फिरवा आणि त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करून मशीन दुसऱ्या खोलीतून जोडा.